स्टो हाउसची मोजमापं घेताना

जुन्या इमारतीचं मेजर ड्रॉइंग म्हणजे काय, हे पुण्यात आर्किटेक्चर शिकलेल्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सुट्टीत एखादा वाडा गाठायचा, टेप, ओळंबा नि क्लिपबोर्ड घेऊन आत शिरायचं, दिंडी दरवाजापासून माळवदापर्यंत सगळं मोजायचं आणि मग रात्री जागून शीट पुऱ्या करायच्या. कसबा पेठेत आणि वाईला मी हे केलेलं होतं. त्यामुळे इंग्लंडमध्ये इमारत-संवर्धनाच्या अभ्यासक्रमात आमच्या गटाच्या वाट्याला स्टो हाउस हे सरदार घराण्याचं जुनं, अवाढव्य घर आलं, तेव्हा कामाची रीत ओळखीचीच होती. फक्त वाड्याच्या चौकात उभं राहिलं की चारी बाजू एका नजरेत मावतात. इथे घराची एक बाजू नजरेत मावायची तर हिरवळीवर बरंच लांब चालत जावं लागे.

स्टो आहे बकिंगहॅमशायरमध्ये, बकिंगहॅम गावाच्या जवळ. मिल्टन कीन्सला राहणाऱ्या मराठी मंडळींना गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. टेंपल घराण्याचं हे घर. पुढे लग्नसंबंधांतून ग्रेनव्हिल, चँडोस अशी आडनावं मागे लागत गेली आणि घराणं बकिंगहॅमच्या ड्यूकपदापर्यंत पोचलं. १९२३ पासून या घरात निवासी शाळा भरते. भोवतालची प्रसिद्ध बाग १९८९ साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेली, आणि घराच्या डागडुजीसाठी १९९७ मध्ये वेगळा न्यास स्थापन झाला. शाळा मात्र आपल्या जागी आहे. मुलं तिथेच झोपतात, जेवतात, शिकतात. आम्हाला आत काम करायची परवानगी मिळाली ती अर्थातच शाळेच्या सुट्टीत.

पहिल्याच बैठकीत आमच्या प्राध्यापक बाईंनी एक नियम घालून दिला. म्हणाल्या, जे असायला हवं होतं ते कागदावर काढू नका, जे आहे ते काढा. ऐकायला सोपं. आपल्याकडे वाड्याचं डॉक्युमेंटेशन करताना बहुतेक वेळा आपण भाडेकरूंनी घातलेली मोरी, पत्र्याची शेड, मधेच उभारलेली प्लायवूडची भिंत गाळून टाकतो आणि पेशवाईतला वाडा कागदावर आणतो. ही प्रथाच पडून गेली आहे. स्टोमध्ये मग हिटिंगचे रेडिएटर ड्रॉइंगमध्ये दाखवायचे का? आगीची सूचना देणाऱ्या पेट्या? दालनाच्या कडेला एकावर एक रचलेल्या खुर्च्या? यावर गटात पहिल्या दिवसापासून वाद सुरू झाला आणि तो शेवटच्या शीटपर्यंत चालला. मी वादाच्या कुठल्या बाजूला होते ते पुढे येईलच.

सुरुवात दक्षिणेच्या दर्शनी बाजूपासून केली. ही बाजू साधारण ४६० फूट लांब आहे, आणि तिचे पाच भाग पडतात. मध्ये उंच मुख्य घर, दोन्हीकडे जरा बुटके जोडभाग आणि टोकांना पुन्हा मध्याच्याच उंचीचे दोन पॅव्हिलियन. मुख्य मजला जमिनीपासून वर उचललेला. सहा कोरिंथियन (डोक्यावर कोरीव पानं असलेल्या) खांबांच्या पोर्टिकोमधून, म्हणजे दर्शनी ओसरीतून, तितक्याच रुंदीच्या ३३ पायऱ्या हिरवळीवर उतरतात. इतक्या लांबीवर टेप धरली की ती मधे झोळ खाते आणि माप वाढतं. त्यामुळे आधी हिरवळीवर टोटल स्टेशन हे कोन-अंतर मोजणारं यंत्र लावून मुख्य बिंदू पक्के केले, भिंतीवर एका पातळीत खुणा घेऊन डेटम, म्हणजे सगळ्या उंची मोजायची आधाररेषा, धरला आणि मग प्रत्येक भाग हाताने मोजत गेलो. गटात माझ्याबरोबर कोल्हापूरची एक मैत्रीण होती. आजूबाजूला सगळं इंग्रजीत चाललेलं असताना तिचा आवाज यायचा, "ताण की गं टेप, काय बघायलीस वर!" मी बघत असायचे ते खांबांची डोकी. त्या कोरीव पानांचं एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं मापातलं चित्र, हाताने काढायचं म्हणजे खरंच मान वर करून तासन् तास उभं राहावं लागतं.

एलेव्हेशन काढता काढता हळूहळू लक्षात येत गेलं की ही भव्य दक्षिण बाजू म्हणजे घराचा सर्वांत अलीकडचा चेहरा आहे. रॉबर्ट ॲडम या आर्किटेक्टने १७७१ साली तिचा आराखडा केला, तो बदलून घेतला थॉमस पिटने, आणि काम संपलं १७७९ च्या सुमारास. या चेहऱ्याच्या पोटात जे घर आहे ते १६७७ ते १६८३ च्या दरम्यानचं. विटांचं, आटोपशीर, विल्यम क्लिअर नावाच्या माणसाने आखलेलं. क्लिअर हा प्रसिद्ध आर्किटेक्ट क्रिस्टोफर रेनच्या हाताखाली काम केलेला कारागीर. त्या विटांच्या घराला पुढच्या शंभर वर्षांत प्रत्येक पिढीने आपापल्या काळातला सर्वोत्तम माणूस आणून काही ना काही जोडलं. घराचा मालक लॉर्ड कॉबम याने आर्किटेक्ट व्हॅनब्राला आणलं आणि उत्तरेचा पोर्टिको झाला. व्हॅनब्रा १७२६ मध्ये वारल्यावर गिब्स आणि केंट हे आर्किटेक्ट आले. बाग आखायला ब्रिजमन होताच. १७४१ मध्ये लान्सलॉट ब्राउन नावाचा तरुण मुख्य माळी म्हणून रुजू झाला. तोच पुढे केपेबिलिटी ब्राउन म्हणून अख्ख्या इंग्लंडच्या बागा बदलून गेला. इंग्लिश वास्तुकलेच्या अठराव्या शतकातली एवढी मोठी नावं एकाच घराच्या कामावर येऊन गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

प्लॅन, म्हणजे वरून बघितल्यासारखा आडवा नकाशा, काढताना हे थर जास्त स्पष्ट होतात, कारण प्लॅनमध्ये भिंतीची जाडी लपवता येत नाही. दाराच्या चौकटीत टेप आडवी धरून जाडी मोजायची, खोलीची आतली मापं घ्यायची, दोन्ही कर्णांनी ताडून बघायची आणि लगतच्या खोलीशी जुळवायची. जुळवताना जी जाडी शिल्लक उरते तीच इमारतीचा इतिहास सांगते. घराच्या आतली एखादी भिंत गरजेपेक्षा फारच जाड निघाली की समजायचं, ही कधीकाळी बाहेरची भिंत असणार. वाड्यांत आपण हेच करतो. नंतर वाढवलेला सोपा ओळखायचा तर आधी जुनी बाहेरची भिंत शोधतो.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला तो मार्बल सलूनला. पायऱ्या चढून पोर्टिकोतून आत शिरलं की हे दालन लागतं. रोमच्या पँथिऑन या प्राचीन घुमटाच्या देवळावरून सुचलेलं, पण पँथिऑनसारखं गोल नाही, लंबगोल आहे. वर घुमट, घुमटाच्या माथ्यावर उजेडासाठी काच, उंची छपन्न-सत्तावन्न फूट. १७७५ ते १७८८ अशी तेरा वर्षं ते बनत होतं. शेवटचा हात फिरवला तो व्हिंचेन्झो व्हाल्द्रे या इटालियन चित्रकाराने. गोल खोली मोजणं सोपं असतं, मध्यबिंदू सापडला की झालं. लंबगोलाला असा एकच मध्य नसतो. आम्ही आधी लांब अक्ष सापडवला. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दारांच्या मध्यांमधून दोरी ताणली, मग तिला काटकोनात आडवा अक्ष घेतला, आणि दोन्हींवरून ठरावीक अंतरांवर भिंतीपर्यंत आडवी मापं घेत गेलो. फरशी मदतीला होती. इटलीतल्या कॅराराच्या पांढऱ्या संगमरवराच्या मोठ्या चौरस लाद्यांची जाळी म्हणजे जमिनीवर आयता आलेखकागदच.

घुमटाला आतून चौकोनी खाचांची, कॉफर्सची, नक्षी आहे. गोल घुमटात एका ओळीतला प्रत्येक कॉफर सारखाच असतो. एक साचा केला की तो फिरवत जायचा. लंबगोलात वक्रता पावलोपावली बदलते, त्यामुळे शेजारच्या दोन कॉफर्सचे आकार जुळत नाहीत. एका चतुर्थांशात जे आकार येतात ते आरशातल्यासारखे बाकीच्या तिन्हींत येतात, तेवढीच पुनरावृत्ती. हे खालून बघताना मुळीच कळत नाही. सगळे चौकोन सारखेच वाटतात, आणि तसे वाटावेत म्हणूनच ते वेगवेगळे केलेले आहेत. कागदावर चौथा कॉफर काढताना मला हे उमगलं आणि त्या अनाम प्लास्टर कारागिरांबद्दल जो आदर वाटला तो आजही तसाच आहे.

खांबांचं तर आणखी वेगळं. दालनात भोवताली सोळा खांब आहेत, तांबड्या-पांढऱ्या शिरांचे. दुरून कुणीही संगमरवर म्हणेल. हात लावला की शंका येते, कारण संगमरवर हाताला गार लागतो, हे तेवढे गार नाहीत. ही स्कॅलिओला. बनवली डोमेनिको बार्तोलीने. जिप्समचं प्लास्टर, सरस आणि रंग यांचा गोळा मळायचा, वेगवेगळ्या रंगांचे गोळे एकत्र दाबून त्यांच्यातून शिरा उमटवायच्या, मग त्याच्या चकत्या करून खांबाच्या गाभ्यावर चढवायच्या आणि वाळल्यावर दगडाने घासून, तेल-मेण देऊन चकाकी आणायची. आपल्याकडच्या चुन्याच्या घोटीव गिलाव्याशी तिचं जवळचं नातं आहे. दोन्हीकडे चकाकी येते ती माणसाच्या हातानं, तासन् तास घोटून. एका खांबाच्या बुडाशी मी खूप वेळ गुडघ्यावर बसून होते. जमिनीपासून वीतभर उंचीवर बारीक ओरखडे होते आणि त्यांच्या जवळ कधीतरी भरलेला एक तुकडा. आसपासच्या शिरा जिथे येऊन थांबत होत्या तिथून दुरुस्ती करणाऱ्याने त्या पुढे नेल्या होत्या. रंग किंचित फिकट, पण शिरेची लय बरोबर. हे मापात येत नाही, म्हणून वहीत शब्दांनी लिहून ठेवलं.

खांबांच्या वर भोवताली एक शिल्पपट्टी फिरते. रोमन विजययात्रा आणि बळीचा विधी. तिच्यात २८० हून जास्त माणसं आहेत आणि चौदा प्राणी. पट्टीच्या खाली भिंतीत कोनाडे, त्यांत पुतळे. आज दिसतात ते पुतळे प्रतिकृती आहेत, कारण मूळचे पुतळे घरातून केव्हाच गेले.

गेले कसे, ते सांगायला हवं, कारण शाळेची गोष्ट तिथूनच सुरू होते. इतकं बांधायला पैसा कुठून आला हाही त्याच गोष्टीचा भाग. जमिनी आणि सरकारी पदं होतीच. शिवाय पहिल्या ड्यूकच्या लग्नातून जमैकातला होप मळा घराण्यात आला, म्हणजे गुलामांच्या श्रमाचा पैसा आला. ज्या थॉमस पिटने दक्षिण बाजूचा आराखडा पक्का केला त्याचा पणजोबा मद्रासचा गव्हर्नर होता, आणि गोवळकोंड्याच्या खाणीतला प्रचंड हिरा फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला विकून त्याने घराण्याचं नशीब उघडलं होतं. हे वाचल्यावर त्या सहा खांबांकडे भारतीय माणूस नुसता कौतुकाने बघू शकत नाही. मी तरी शकले नाही.

दुसऱ्या ड्यूकने सगळं उधळलं. १८४५ मध्ये राणी व्हिक्टोरिया स्टोला येऊन राहिली, तिच्या सरबराईत हात आखडता घेतला नाही, आणि तीन वर्षांत कर्ज दहा लाख पौंडांच्या वर गेलेलं होतं. १८४८ च्या ऑगस्टमध्ये घरातल्या वस्तूंचा लिलाव लागला. तो चाळीस दिवस चालला. शेक्सपिअरचं जे चित्र चँडोस पोर्ट्रेट म्हणून ओळखलं जातं तेही या लिलावात गेलं. पुढे लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहातलं ते पहिलं चित्र ठरलं. एवढं विकूनही हातात आले पंचाहत्तर हजार पौंडांच्या आसपास. तिसरा ड्यूक जबाबदार निघाला. १८७५ ते १८८० तो मद्रासचा गव्हर्नर होता, म्हणजे १८७६ च्या मोठ्या दुष्काळात तिथे त्याचाच कारभार होता. चेन्नईतला बकिंगहॅम कालवा त्याच्याच नावाचा. त्याला मुलगा नव्हता. १८८९ मध्ये तो गेला आणि ड्यूकपदही त्याच्याबरोबर संपलं. १९२१ साली घर पुन्हा विक्रीला निघालं. दक्षिणेच्या पायऱ्यांवरचे दोन सिंह ब्लॅकपूलच्या बागेत गेले. आता स्टोच्या पायऱ्यांवर सिंह दिसतात त्या नंतर करून बसवलेल्या प्रतिकृती.

त्या काळात इंग्लंडमधल्या अशा घरांवर संक्रांतच आलेली होती. १८७० नंतर शेतीचं उत्पन्न घसरलं. १८९४ पासून वारसा-कर लागला. पहिल्या महायुद्धात वारसदारच मारले गेले आणि युद्धानंतर घरकामाला माणसं मिळेनात. विसाव्या शतकात हजारावर घरं पाडली गेली. छपराचं शिसं काढून विकायचं, संगमरवरी फायरप्लेस अमेरिकेला पाठवायच्या आणि उरलेल्या भिंती खाली आणायच्या, असा तो व्यवहार होता. स्टोचंही तेच होणार अशी भीती होती. त्याऐवजी ११ मे १९२३ रोजी तिथे ९९ मुलांची शाळा सुरू झाली. पहिला मुख्याध्यापक जे. एफ. रॉक्सबर्ग. त्याची धारणा अशी होती की या वास्तूत वाढलेल्या मुलाला सौंदर्य समोर आलं की आयुष्यभर ओळखता येईल. घराची शाळा करण्याचं काम क्लफ विल्यम्स-एलिस या आर्किटेक्टकडे होतं. घराकडे येणारा दुतर्फा झाडांचा लांबलचक रस्ता तुकड्या-तुकड्यांनी विकला जाणार असं दिसल्यावर त्याने तो स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन वाचवला. आर्किटेक्ट म्हणून मला या माणसाचा हेवा वाटतो.

मोजमापं घेत फिरताना मला सतत एका प्रश्नाचा पाठलाग करावासा वाटे. असं घर हॉटेल म्हणून मोडतोड करून वापरावं लागतं, इस्पितळ म्हणून तर आणखीच. मग शाळेला ते एवढं बिनबोभाट कसं मानवलं? उत्तर प्लॅनमध्ये होतं. या घरात आधीच सगळ्यांना एकत्र उभं करता येईल असं एक मोठं दालन आहे. मार्बल सलूनमध्ये आता शाळेचे समारंभ होतात. शेकडो माणसांना जेवू घालायची सोय ठेवलेली होती, सरकारी मेजवान्यांचं जेवणघर आता मुलांचं जेवणघर झालं. ग्रंथालय होतंच, ते ग्रंथालयच राहिलं. आर्किटेक्ट जॉन सोनने १८०५ च्या सुमारास केलेली छोटी गॉथिक लायब्ररी, जिच्या छतावर प्लास्टरमधली पंख्यासारखी कमानींची जाळी आहे, ती मुख्याध्यापकांची खोली झाली. आणि दोन्हीकडच्या अंगणांभोवती नोकरचाकर, स्वयंपाकघरं, कोठ्या, तबेले यांच्यासाठी असलेल्या असंख्य छोट्या खोल्या निवासाला, वर्गांना कामी आल्या. खेळायला मैदानं तर दारापासून सुरू. म्हणजे सरदाराचं घर मुळातच शेकडो माणसांची व्यवस्था होती. फरक इतकाच की त्यातली बहुतेक माणसं पूर्वी मागच्या बाजूला असत, आता ती पुढच्या दालनांत आली. मला हा बदल घराच्या हिताचा वाटतो आणि न्यायाचाही.

अडचणी नव्हत्या असं नाही. अशा घरात मोठ्या खोल्या एकीतून दुसरीत उघडतात, मधे बोळ नसतो. पाहुण्यांना एकेक दालन दाखवत न्यायचं असेल तर ठीक, पण एका खोलीत तास चालू असताना दुसरीत जाणाऱ्या मुलांनी काय करायचं? आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा, स्नानगृहं, गरम पाण्याचे पाइप, वायरिंग, हे सगळं अशा भिंतींत घालायचं ज्यांना भोक पाडायच्या आधी चार जणांना विचारावं लागतं. पाइप कुठून नेलेत ते शोधणं हे आमच्या कामातलं फार मजेचं प्रकरण होतं. आधीच्या पिढीतल्या फिटरने जुना धुरांडा, वापरात नसलेला जिना, पॅनेलच्या मागची पोकळी अशा जागा बरोबर हेरलेल्या. घर समजून घेऊन काम करणारा फिटर मिळणं हेही भाग्यच.

एका ठिकाणी मात्र शाळेने घेतलेला निर्णय अजून मनाला लागतो. शाळेला चॅपेल, म्हणजे प्रार्थनागृह, हवं होतं. ते रॉबर्ट लॉरिमरने आखलं, १९२७ मध्ये राणी मेरीने पाया घातला आणि १९२९ मध्ये ते पूर्ण झालं. आतल्या खांबांसाठी बागेतल्या 'टेंपल ऑफ काँकर्ड अँड व्हिक्टरी' या ग्रीक धर्तीच्या देवळाच्या बाजूंचे सोळा खांब काढून आणले. शाळा नवी होती, पैसा कमी, देऊळ मोडकळीला आलेलं. सगळी कारणं समजतात. तरी त्या देवळाचे जुने फोटो, बाजूंना खांबांऐवजी विटांचं बांधकाम, बघवत नाहीत. नॅशनल ट्रस्टने १९९० च्या दशकात नवे खांब घडवून ते देऊळ पुन्हा उभं केलं. मूळ खांब चॅपेलमध्येच राहिले, कारण आता त्यांच्यावर चॅपेलचा भार आहे. चॅपेलचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, आणि देवळाचा सेक्शन आम्ही मुद्दाम एकाच शीटवर काढले, एकाच स्केलला.

याच शाळेत शिकलेला लेनर्ड चेशर दुसऱ्या महायुद्धात नावाजलेला वैमानिक होता. पुढे त्याने अपंग आणि असाध्य आजारी माणसांसाठी घरं सुरू केली. त्यांतलं भारतातलं पहिलं १९५० च्या दशकात मुंबईत अंधेरीला, महाकाली केव्हज रोडवर उभं राहिलं. माझी मावशी अंधेरीला राहते. चेशर होमची पाटी लहानपणापासून बघितलेली, तिचा धागा इथे निघेल असं कधी वाटलं नव्हतं.

आता रेडिएटरचा वाद. गटातल्या काहींचं म्हणणं होतं की सलूनच्या सेक्शनमध्ये खुर्च्यांची थप्पी आणि भिंतीलगतचे रेडिएटर दाखवले तर व्हाल्द्रेचं दालन बिघडतं. माझं म्हणणं होतं की ते दाखवले नाहीत तर हे दालन आज उभं का आहे हेच कागदावर येत नाही. १८४८ मध्ये घर रिकामं झालं, १९२१ मध्ये पुन्हा रिकामं झालं, आणि रिकाम्या घराची छपरं कशी गळतात हे आपल्याला वाड्यांवरून पुरेपूर माहीत आहे. १९२३ पासून रोज सकाळी कुणीतरी हे घर उघडतं, गरम करतं, झाडतं, गळालेलं पाणी त्याच दिवशी बघतं. २००० नंतर उत्तरेची बाजू, मग सलून, मग इतर दालनं अशी टप्प्याटप्प्याने मोठी दुरुस्ती झाली, पण त्या दुरुस्तीपर्यंत घर पोचवलं ते या रोजच्या वापराने. खांबाच्या बुडाचे ओरखडे ही त्या वापराची किंमत आहे, आणि मला ती परवडणारी वाटते.

कोल्हापूरच्या मैत्रिणीने मला पुण्याचीच आठवण करून दिली. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये पुरा केला. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. शनिवारवाड्याची आतली सातमजली इमारत १८२८ च्या आगीत गेली, विश्रामबागवाडा मात्र कुठल्या ना कुठल्या वापरात राहिला. आपण त्याचं ड्रॉइंग काढतो ते बाजीरावाच्या वेळचं काढतो. पाठशाळेचा वाडा कुणी काढला आहे का?

शेवटी असं ठरलं की बांधकाम जाड रेषेत, शाळेने आणलेलं सगळं बारीक रेषेत, पण दोन्ही एकाच शीटवर, आणि प्रत्येक गोष्टीपुढे तिचा काळ. खुर्च्यासुद्धा. बाईंनी शीट बराच वेळ बघितली आणि फक्त एकच विचारलं, घुमटाखालच्या दिव्यांची केबल कुठून नेली आहे ती का दाखवली नाही? आम्ही परवानगी काढून परत गेलो आणि ती शोधून काढली.

परत आल्यावर वाईजवळच्या एका वाड्याचं काम हाती आलं. त्याच्या माजघरात बरीच वर्षं प्राथमिक शाळा भरत होती. भिंतीच्या चुन्यावर सिमेंट चढवून काळा फळा केलेला, खाली खडू ठेवायला लाकडी पट्टी, शेजारी तुळईला घंटेचा हूक. मी तिन्ही गोष्टी सेक्शनमध्ये काढल्या. वाड्याचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणतो, शीट बघून म्हणाले, "अगं, हे कशाला? हे तर आम्ही काढूनच टाकणार आहोत." मी विचारलं, फळा कधी केला? त्यांना आठवेना. मग त्यांनी गावातल्या निवृत्त गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी साल तर सांगितलंच, शिवाय हेही सांगितलं की फळ्याच्या मागे पूर्वी देवळी होती आणि तीत चित्रं होती, ती बुजवताना आधी कापड लावलं होतं. आता सिमेंट काढताना छिन्नी न वापरता कडेकडेने सोडवत जायचं ठरलंय. फळा काढायचा की ठेवायचा, ते चित्रांची अवस्था बघून काका ठरवतील.